राजाला न विचारता शत्रूशी करार करणारा प्रशियन जनरल योर्क कोण होता?

३० डिसेंबर १८१२. आजच्या लिथुआनियातल्या टाउरोगेन गावाजवळच्या पोशेरुन इथल्या एका गिरणीत, कडाक्याच्या थंडीत दोन सैन्यांचे अधिकारी भेटले. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला नेपोलियनच्या वतीने लढणारं प्रशियाचं सैन्य. प्रशियाच्या सेनापतीने तिथे एका करारावर सही केली आणि आपल्या सैन्यापुरतं रशियाशी युद्ध थांबवून टाकलं.

असा करार करायचा त्याला अधिकारच नव्हता. त्याच्या राजाची परवानगी नव्हती, आणि ज्या फ्रेंच मार्शलच्या हाताखाली तो लढत होता, त्याला तर पत्ताही नव्हता. लष्करी नियमांप्रमाणे हा सरळसरळ देहदंडाचा गुन्हा ठरू शकत होता. सही करणाऱ्याचं नाव योहान डेव्हिड लुडविग फॉन योर्क. गंमत म्हणजे प्रशियाच्या सैन्यात शिस्तीसाठी त्याच्याइतका कडक माणूस शोधून सापडला नसता.

आज्ञाभंगानेच सुरुवात

योर्कचा जन्म २६ सप्टेंबर १७५९ चा, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचा. प्रशिया हे तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य, बर्लिन त्याची राजधानी. वडील सैन्यातच होते. योर्कही १७७२ मध्ये सैन्यात दाखल झाला.

पुढे बव्हेरियाच्या वारसायुद्धात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लुटीत चर्चच्या वेदीवरचं कापड उचललं, आणि तरुण योर्कने त्याबद्दलची घृणा उघडपणे दाखवली, असं सांगितलं जातं. वरिष्ठाचा अपमान केला म्हणून त्याला किल्ल्यात कैद झाली आणि नोकरीही गेली. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता.

मग त्याने डचांची चाकरी धरली. मरॉन नावाच्या स्विस पलटणीतून तो आफ्रिकेच्या टोकाला, केपला गेला आणि १७८३-८४ मध्ये पूर्वेकडच्या मोहिमांमध्ये कॅप्टन म्हणून सामील झाला. (हीच पलटण पुढे इंग्रजांकडे गेली आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाविरुद्ध लढली. योर्क तोवर मायदेशी परतला होता.) १७८६ मध्ये फ्रेडरिक द ग्रेट वारल्यावरच प्रशियाच्या सैन्याचं दार त्याला पुन्हा उघडलं.

परतल्यावर त्याने नाव कमावलं ते हलक्या पायदळात. त्या काळी सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहायचे आणि हुकूम मिळाला की एकदम गोळ्या झाडायचे. योर्कने आपल्या सैनिकांना आडोसा घेत, विखरून, स्वतःच्या अंदाजाने नेम धरायला शिकवलं. १८०६ मध्ये नेपोलियनने येनाला प्रशियाचा धुव्वा उडवला, तेव्हा पळत्या सैन्याची पिछाडी सांभाळणाऱ्यांत योर्क होता. आल्टेनझाउनला त्याने पाठलागावरच्या फ्रेंचांना रोखलं. पण लुबेकला तो जखमी होऊन कैद झालाच.

सुधारकांचा कट्टर विरोधक

या पराभवानंतर प्रशियात श्टाइन, शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाउ अशा मंडळींनी राज्यकारभार आणि सैन्य बदलायला घेतलं. भूदासांना मुक्ती, सामान्य घरातल्या मुलांना अधिकारीपद, सगळ्या जनतेचं सैन्य, असा तो कार्यक्रम होता. सैनिकी प्रशिक्षणाच्या कामात योर्क त्यांच्यासोबत होता, पण बाकी सगळ्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. १८०८ मध्ये नेपोलियनच्या दबावामुळे श्टाइनला पद सोडावं लागलं, तेव्हा योर्कला आनंदच झाला. त्यामुळे पुढे जे घडलं ते एखाद्या क्रांतिकारकाने केलं नाही, हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

टाउरोगेनला नेमकं काय झालं?

१८१२ च्या सुरुवातीला नेपोलियनने प्रशियाला तह करायला भाग पाडलं. रशियावरच्या स्वारीसाठी प्रशियाने २० हजार सैनिक द्यायचे होते. हा तह सहन न होऊन कित्येक प्रशियन अधिकारी राजीनामा देऊन थेट रशियाला जाऊन मिळाले. त्यांच्यात एक होता कार्ल फॉन क्लाउझेवित्झ, युद्धशास्त्रावरच्या ग्रंथामुळे पुढे जगभर गाजलेला. योर्क मात्र हुकूम आहे म्हणून गेला. आधीचा सेनापती ग्रावर्ट आजारी पडल्यावर प्रशियन तुकडीची सूत्रं त्याच्याकडे आली. तुकडी मार्शल माकडोनाल्डच्या हाताखाली रीगा भागात होती, त्यामुळे मॉस्कोच्या वाटेवरचा संहार तिच्या वाट्याला आला नाही.

डिसेंबरमध्ये माघार सुरू झाली. माकडोनाल्ड पुढे निघाला, योर्क मागे राहिला आणि दोघांच्या मधे रशियन जनरल डिबिच घुसला. त्याच्याकडे अगदी थोडं सैन्य होतं. योर्कने मनात आणलं असतं तर तो वाट फोडून जाऊ शकला असता. त्याने ते केलं नाही, तो बोलणी करत राहिला. बर्लिनहून स्पष्ट सूचना येत नव्हत्या. राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा आधीच कचखाऊ, त्यात राजधानीत फ्रेंच फौज.

रशियाकडून बोलणी करायला आला तो क्लाउझेवित्झ. डिबिचसुद्धा सायलेशियात जन्मलेला, प्रशियन अधिकाऱ्याचाच मुलगा. म्हणजे रशिया आणि प्रशिया यांच्यातला हा करार खरं तर प्रशियन माणसांनीच आपसांत केला. रशियाची फौज मागचा रस्ता तोडायला येते आहे, असं सांगणारं पत्र क्लाउझेवित्झने दाखवलं. त्यानेच पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे योर्कने ते वाचलं, खरंखोटं नीट विचारून घेतलं आणि हात पुढे केला.

करार चतुराईने लिहिलेला होता. योर्कचं सैन्य बाजू बदलणार नव्हतं, फक्त तटस्थ राहणार होतं. राजाने करार नाकारला तर सैन्याला परत जायची मुभा होती, मात्र १ मार्च १८१३ पर्यंत त्याने रशियाविरुद्ध लढायचं नव्हतं. राजाला पळवाट ठेवून सगळा दोष योर्कने स्वतःच्या अंगावर घेतला. ३ जानेवारीच्या पत्रात त्याने राजाला कळवलं, की माझं चुकलं असेल तर हे डोकं तुमच्या पायाशी आहे.

राजाने चारचौघांत करार झिडकारला, योर्कला पदावरून काढल्याचं जाहीर केलं आणि पॅरिसला दिलगिरी कळवायला माणूस धाडला. पण बडतर्फीचा हुकूम घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याला रशियनांनी वाटेतच अडवलं. बातमी वर्तमानपत्रात आली. वर्तमानपत्रातून हुकूम घ्यायची सेनापतींना सवय नसते, अशी भूमिका घेऊन योर्क जागेवर कायम राहिला.

पुढचे तीन महिने

इकडे माकडोनाल्डजवळ उरलेले प्रशियन सैनिकही त्याला सोडून निघून आले. पूर्व प्रशिया फ्रेंचांना राखता आला नाही. ५ फेब्रुवारीला कोनिग्सबर्गला प्रांताची सभा भरली आणि २० हजारांचं नागरी सैन्य उभारायचं ठरलं. या सभेमागे होता रशियाचा प्रतिनिधी होऊन परतलेला श्टाइन, आणि सभेसमोर उभा राहिला योर्क! ज्याच्या जाण्याने आनंद झाला होता त्याच्याच शेजारी उभं राहून, ज्या जनतेच्या सैन्याची कल्पना आवडत नव्हती तेच तो उभं करत होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस राजाने रशियाशी तह केला, चौकशी होऊन योर्क निर्दोष ठरला, मार्चमध्ये फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं आणि १७ मार्चला योर्क आपल्या फौजेसह बर्लिनमध्ये शिरला.

नंतरच्या लढायांत तो ब्लुखरच्या हाताखाली होता आणि त्याच्याशी सतत भांडत होता. कात्सबाखच्या लढाईत, किती फ्रेंच नदी ओलांडून आले असा निरोप आल्यावर, स्वतः येऊन मोजा, असं उत्तर त्याने पाठवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १८१३ मध्ये वार्टेनबुर्गजवळ त्याने एल्ब नदी लढून पार केली. त्यावरूनच पुढे ‘काउंट योर्क फॉन वार्टेनबुर्ग’ हा किताब मिळाला. लाइपझिगच्या महायुद्धात म्योकर्न गाव घेताना त्याचे सुमारे एक तृतीयांश सैनिक कामी आले किंवा जायबंदी झाले.

१८१५ नंतर तो निवृत्त झाला, १८२१ मध्ये फील्ड मार्शल झाला आणि ४ ऑक्टोबर १८३० रोजी सायलेशियातल्या क्लाइन ओल्स या जहागिरीत वारला.

नाव कोणाकोणाच्या कामी आलं

त्याच्या सहीला सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. बेथोव्हेनने मुळात दुसऱ्याच पलटणीसाठी लिहिलेली एक लष्करी धून योर्कच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रशियाशी मैत्रीचा पूर्वज सापडला म्हणून कम्युनिस्ट पूर्व जर्मनीने योर्कचा गौरव केला, त्याच्या सैन्यातही ती धून वाजायची. हा कट्टर उमराव त्यावर काय म्हणाला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

योर्कचा खापरपणतू पीटर हिटलरविरोधी गटात होता. तो क्लाइन ओल्सलाच जन्मला होता. २० जुलै १९४४ चा हिटलरच्या हत्येचा कट फसल्यावर त्याला पकडलं आणि ८ ऑगस्टला बर्लिनमध्ये फाशी दिलं. त्याच्यासाठी अडून पडणारा निरोप्या कोणी नव्हता.