साखर, चरबी आणि जुना पत्रव्यवहार

तूप-लोणी तुम्ही कटाक्षाने टाळता, पण चहातली साखर काही सुटत नाही. दोष देता स्वतःच्या मनोनिग्रहाला. इतिहास मात्र वेगळाच प्रश्न विचारतो: साखरेपेक्षा चरबी वाईट, हे आपल्याला शिकवलं कोणी?

१९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांच्या एका आढावा-लेखाने हृदयविकाराचं खापर मुख्यतः चरबीवर फोडलं. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते. लेखात त्याचा उल्लेखच नव्हता. २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारावरून हे जगासमोर आलं.

पण लगेच कटाचा निष्कर्ष काढू नका. निधी जाहीर करण्याची अट त्या नियतकालिकाने घातली १९८४ साली. तेव्हा कोणताही संदर्भ घेताना दोन गोष्टी बघाच: पैसा कुणाचा होता, आणि त्या काळचा रिवाज काय होता.