केपटाऊन ते ग्रीन कार्ड : बापाची रांग आणि मुलाचे वय

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेक भारतीय कुटुंबांत मुलाचा एकविसावा वाढदिवस काळजीचा दिवस झाला आहे. बाप एच-१बी व्हिसावर असतो, आई आणि मुले त्याच्या आधाराने एच-४वर. कंपनीने ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्ज केलेला असतो, तो मंजूरही झालेला असतो. पण नंबर लागत नाही. रांग पुढे सरकण्याआधी मूल एकवीस वर्षांचे झाले, की कायद्याच्या लेखी ते ‘मूल’ राहत नाही. आईबापांना कार्ड मिळते आणि तिथेच शाळा शिकलेल्या मुलाला परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा मागावा लागतो.

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये कामाला लागून पुढे अमेरिकेला गेलेल्या पिढीची मुले आता या वयाला पोहोचली आहेत. त्यामुळे हा आयटीवाल्यांचा नवा प्रश्न आहे, असे अनेकांना वाटते. वास्तविक कोकणी मुसलमानांच्या घरात तो शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. तेव्हा देश दक्षिण आफ्रिका होता आणि वयाची अट सोळा वर्षांची होती.

रत्नागिरीचे बाप, केपटाऊनची कचेरी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतून अनेक कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले. नाताळच्या उसाच्या मळ्यांत करारावर नेलेल्या मजुरांसारखे ते नव्हते. स्वतःचे भाडे भरून बोटीने गेले आणि तिथे दुकान, फेरी, मजुरी करू लागले. बायका-मुले बहुतेक गावीच असत.

१९०२ मध्ये केप वसाहतीने कायदा केला, की नव्याने येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. १९०६ च्या कायद्यात ज्यूंची यिद्दिश भाषा युरोपीय म्हणून मान्य झाली. उर्दू किंवा मराठी कितीही सुंदर लिहिता आली, तरी बंदरावर तो माणूस निरक्षरच. मग उरलेली वाट एकच. आधीपासून तिथे स्थायिक झालेल्या माणसाची बायको किंवा अल्पवयीन मूल म्हणून जाणे. १९१३ च्या इमिग्रंट्स रेग्युलेशन अ‍ॅक्टने संपूर्ण दक्षिण आफ्रिकेत हीच वाट ठेवली : मूल सोळा वर्षांच्या आतले हवे.

त्याच वर्षी मार्चमध्ये हा हक्क मुळापासून हलला. पोर्ट एलिझाबेथचे हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला उतरण्याची परवानगी नाकारण्यात आली. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की जो धर्म एकाहून अधिक बायकांना परवानगी देतो, त्याच्या रीतीने झालेला विवाह तिथल्या कायद्यात विवाह ठरत नाही. एका निकालाने मुसलमानांचा निकाह आणि हिंदूंचा विवाह दोन्ही कागदावरून पुसले गेले. बायको बायको नसेल, तर मुलाचा हक्क कुठून येणार? गांधीजींच्या १९१३ च्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, त्यामागे हा निकाल होता. १९१४ च्या इंडियन रिलीफ अ‍ॅक्टने एक पत्नी आणि तिची अल्पवयीन मुले यांना मान्यता दिली.

मान्यता मिळाली, तरी वय सिद्ध करायचे राहिलेच. केपटाऊनच्या इमिग्रेशन फायलींवर इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी महत्त्वाचे काम केले आहे. त्यातून दिसते, की कोवळ्या पोराला बोटीवरून उतरवून सवाल केले जात. गावात घर कुठे, काका किती, शेजारी कोण? तेच सवाल बापाला वेगळे विचारून उत्तरे ताडून पाहत. वर्षानुवर्षे वेगळे राहिलेल्या बापलेकांची उत्तरे प्रत्येक वेळी कशी जुळणार? गावाकडच्या दाखल्यावर विश्वास नसला, तर डॉक्टर अंगकाठी पाहून वयाचा अंदाज करत.

अर्थात, अधिकाऱ्यांचा संशय सगळाच निराधार नव्हता. काही जण पुतण्याला किंवा भाच्याला मुलगा म्हणून आणत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला भावाचा मुलगा आपलाच वाटतो. कायद्याला मात्र फक्त पोटचा मुलगा कळत होता. अशा प्रकरणांमुळे खऱ्या मुलांवरचा संशयही वाढत गेला.

अनेक बाप मुलाला पंधराव्या वर्षापर्यंत गावीच ठेवत. आईजवळ वाढावा, आणि तिथे पोहोचताच कामाला लागावा. पण पंधरावे वर्ष म्हणजे मुदतीचा काठ. बोट चुकली, आजारपण आले, दाखल्याला उशीर झाला, की सोळावे उलटायचे. १९२७ नंतर मुलाबरोबर आईनेही यावे, अशी अट आली. १९५३ मध्ये तर बायका-मुलांना भारतातून आणण्याची वाटच सरकारने बंद केली. ज्यांची मुले तोवर गेली नव्हती, ती कुटुंबे दोन देशांत कायमची वाटली गेली.

मधला मुक्काम : आखात

पुढे कोकणाची वाट आखाताकडे वळली. तिथे नोकरीच्या जोरावर सहसा कायम वास्तव्य मिळत नाही, पण मुलाच्या वयाचा काटा तिथेही आहे. संयुक्त अरब अमिरातीत मुलाला बापाच्या व्हिसावर सर्वसाधारणपणे अठरा वर्षांपर्यंत राहता येत असे; २०२२ मध्ये ही मर्यादा पंचवीस झाली. अविवाहित मुलीला वयाची अट नाही.

एकविसाचे गणित

अमेरिकेने १९६५ मध्ये वंशावर आधारलेले जुने कोटे रद्द केले. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डे ठरवली आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा घातली. या आकड्यात बायका-मुलेही मोजली जातात. देश ठरतो तो जन्मावरून. भारताला आणि चिमुकल्या आइसलँडला मर्यादा एकच, म्हणून भारतीयांची रांग लांबत गेली. २०२५ मध्ये उच्चशिक्षितांच्या ईबी-२ गटात २०१३ च्या आसपासच्या तारखांचा नंबर लागत होता.

मुलांना थोडा आधार मिळाला तो ६ ऑगस्ट २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टने. त्याचे गणित नीट समजून घ्यायला हवे. नंबर लागला त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून, कंपनीचा आय-१४० अर्ज जितके दिवस निर्णयाविना पडून होता, तितके दिवस वजा होतात. रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. समजा, नंबर लागला तेव्हा मुलगी २१ वर्षे ४ महिन्यांची आहे. अर्ज आठ महिने पडून होता, तर तिचे वय २० वर्षे ८ महिने धरले जाईल आणि ती वाचेल. जादा फी भरून तोच अर्ज पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला असेल, तर वजा होतात पंधराच दिवस, आणि ती बाद होते. घाईने केलेले काम इथे मुलाच्या मुळावर येऊ शकते.

आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, नंबर लागल्यापासून एका वर्षात मुलाच्या कार्डासाठी पाऊल उचलावे लागते आणि कार्ड मिळेपर्यंत ते अविवाहित हवे. निकाह झाला, की वय कितीही कमी असो, हक्क संपतो. दुसरी, नंबर लागला हे ठरवणारे तक्ते दर महिन्याला दोन निघतात. फेब्रुवारी २०२३ पासून मुलाच्या वयासाठी लवकरची तारीख देणारा तक्ता चालत होता. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा उशिराचा लागू झाला. म्हणजे कायदा तोच, पण कोण मूल आणि कोण नाही, हे सरकारी परिपत्रकाने बदलले.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांच्या खास उपयोगाची आहे. नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाच्या रांगेत उभे राहता येते. कुवेत, दुबई, जेद्दा इथे जन्मलेल्या आपल्या मुली कमी नाहीत. पासपोर्ट भारतीय असला, तरी जन्म कुवेतचा असेल, तर ते कुटुंब भारताच्या रांगेतून बाहेर पडू शकते. मुलाच्या जन्मदेशाचा फायदा मात्र आईबापांना मिळत नाही.

यातही ज्यांचे जमले नाही, त्यांची मुले विद्यार्थी व्हिसावर जातात आणि अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची चढी फी भरतात. कागदपत्रांविना आलेल्या मुलांसाठी २०१२ मध्ये निघालेली डाका योजना त्यांना लागू नाही, कारण ती तेव्हा कायदेशीर व्हिसावर होती. अशा मुलांसाठी २०२१ पासून अमेरिकी संसदेत विधेयके मांडली गेली, पण कायदा झालेला नाही.

शाळेच्या रजिस्टरमधली तारीख

या सगळ्या गणितात जन्मतारीख हा पाया आहे, आणि आमच्याकडे तोच कच्चा असतो. महाराष्ट्रातल्या शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसते. पालकांना तारीख आठवत नसे, आणि प्रवेशाला सोयीची म्हणून ती लिहिली जाई. मुसलमान मुलांच्या बाबतीत नावाचीही भर पडते. उर्दूत एकाच पद्धतीने लिहिलेले नाव मराठीत एक, इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी उतरते. जन्मदाखल्यावर मोहम्मद, शाळेत मो., पासपोर्टवर मोहम्मेद. शेख कधी आधी, कधी शेवटी. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. मालाडमध्ये शिकवताना दाखल्यावरची अशी चूक दुरुस्त करायला आलेले पालक मी नेहमी पाहतो. मूल चौथीत असताना ते काम काही आठवड्यांत होते. तेच मूल वीस वर्षांचे असताना परदेशातून करायचे म्हटले, तर एकेक महिना महाग पडतो.

म्हणून मूल पंधरा वर्षांचे होण्याआधी घरात चार तारखा एका कागदावर हव्यात : रांगेतली तारीख, आय-१४० भरल्याची, तो मंजूर झाल्याची आणि मुलाच्या जन्माची. शंका असेल, तर वकिलाची फी तेव्हाच भरावी.

आणि तो कागद मुलालाही दाखवावा. केपच्या फायलींत ही पोरे आपल्याला भेटतात ती अधिकाऱ्याच्या सवालांना उत्तरे देताना. काका किती, विहीर कुठे, बापाला शेवटचे कधी पाहिले. त्यांना तिथे जायचे होते का, हे कुणी विचारल्याचे तिथे दिसत नाही. आजच्या मुलाला निदान घरात तरी हा प्रश्न विचारता येईल.