काढता येणारा टप : जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या छपराची गोष्ट



आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकानं मला फोनवर विचारलं, "सर, चांदूर बाजारात स्पोर्ट्स गाडी कोणाकडं आहे?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं ट्रॅक्टर आहेत, संत्रा भरून जाणारे ट्रक आहेत, परतवाड्याची एसटी आहे. पण आजचा विषय गाडीपेक्षा तिच्या टपाचा जास्त आहे. आणि टप हा शब्द आपल्या घरातला आहे. एसटीच्या टपावर बोचकी टाकलेली माणसं या सभागृहात नक्की असतील.

इथं ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना दमणी आठवत असेल. रेंगी आठवत असेल. माल वाहायला बंडी आणि माणसं न्यायला दमणी. लेकीला माहेरी आणायचं, जत्रेला जायचं, तर दमणीवर टप चढायचा. बांबूच्या कमच्या कमानीसारख्या वाकवायच्या, वरून तट्ट्या किंवा जाड कापड. काम झालं की टप उतरवून गोठ्यात आढ्याला टांगायचा. आमच्या घरची दमणी मी पाहिली, तेव्हा तिची चाकं शाबूत होती, जू शाबूत होतं. टप मात्र कोंबड्यांच्या डालग्यावर आडवा पडलेला. दोन पावसाळ्यांनंतर तोही राहिला नाही.

ही एवढीच गोष्ट मला आज सांगायची आहे. जे काढता येतं, ते आधी हरवतं. आणि जे हरवतं, ते पुन्हा बसवताना कळतं की ती वस्तू नेमकी काय होती.

आता तुम्ही म्हणाल, मग टप काढायचाच कशाला? त्याचंही उत्तर आपल्याकडं आहे. तळेगाव दशासरचा शंकरपट तुम्ही पाहिला असेल. पटाच्या गाडीला टप असतो का? नसतो. धुरकऱ्याला वजन नको, आडोसा नको. धावायचं असलं की माणूस आधी छप्पर फेकतो. मोटारीचंही अगदी तसंच झालं.

सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्याच होत्या. कारण साधं आहे. त्यांचे सांगाडे बनवणारे कारागीर घोडागाड्या बनवणाऱ्यांतलेच होते. वर कापडी हूड, पाऊस आला की ओढायचा. पुढं 1920 च्या दशकात पत्र्याच्या बंद गाड्या स्वस्त झाल्या आणि अमेरिकेत दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सनं 1928 मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली, तोपर्यंत तिकडं बंद गाडी ही घरची गाडी झालेली होती. मग उघडी गाडी कोणासाठी उरली? हौशी माणसासाठी. ज्याला वारा हवा, वेग हवा, दोनच सीटा चालतात, त्याच्यासाठी. स्पोर्ट्स गाडी म्हणून आपण जिला ओळखतो, ती या हौशीतून वाढली.

पण हौसेला थंडी वाजते ना! इंग्लंडात, जर्मनीत, अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा लांब असतो. कापडी हूडमधून वारा शिरतो, पाणी ठिबकतं, मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून आंधळी होते. तेव्हा एक तोड निघाली. कडक टप करायचा, पण कायमचा जोडायचा नाही. हिवाळ्यात चढवायचा, उन्हाळ्यात उतरवायचा. यालाच हार्डटॉप म्हणतात. दमणीच्या टपाचीच रीत, फक्त कमच्यांऐवजी पोलादी पत्रा, ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लास.

तीन गाड्या सांगतो, म्हणजे डोळ्यासमोर येईल.

पहिली, फोर्डची थंडरबर्ड, मॉडेल 1955. तिच्यासोबत फायबरग्लासचा काढता टप गाडीच्या किमतीतच मिळायचा, कापडी हूडला जादा पैसे. पण टपाची मागची बाजू इतकी रुंद की चालवणाऱ्याला बाजूचं दिसेना. मग 1956 मध्ये टपाच्या दोन्ही बाजूंना गोल खिडक्या आल्या, जहाजाला असतात तशा. आज लोक त्या खिडक्यांकडं शोभा म्हणून पाहतात. मुळात ती अडचणीवरची दुरुस्ती होती.

दुसरी, इंग्लंडची ट्रायम्फ टीआर 4, वर्ष 1961. आकार इटलीच्या मिकेलोत्तींचा. हिच्या टपाचे दोन भाग. मागची काच आणि तिची चौकट जागेवरच राहायची, डोक्यावरचा पत्रा तेवढा निघायचा. आता गंमत पाहा. तो पत्रा गाडीच्या डिकीत मावायचा नाही! घरी ठेवून निघालात आणि वाटेत पाऊस आला, तर काय करायचं? म्हणून त्याच जागी ताणायला एक घडीचं कापड मिळायचं. त्याला नाव होतं सरी टॉप. सरी म्हणजे वर चांदणीसारखं छत असलेली घोडागाडी. म्हणजे तिकडच्या लोकांनाही मोटारीचा टप पाहून जुनी गाडीच आठवली.

तिसरी, मर्सिडीज 230 एसएल, 1963 ची. हिचा टप मधे खोलगट आणि दोन्ही कडांना उंच. बेला बारेनी आणि पॉल ब्राक ही त्यामागची माणसं. कडा उंच असल्यामुळं दारं उंच झाली, काचा मोठ्या झाल्या, चढ-उतार सोपा झाला आणि टपाला ताकदही आली. लोकांना त्यात पूर्वेकडच्या देवळाचं छप्पर दिसलं, म्हणून गाडीचं नावच पॅगोडा पडलं. विचार करा, जो भाग काढून ठेवायचा, त्यानंच गाडीला नाव दिलं.

आपल्याकडं काय होतं? स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं ठरलं की गाडी इथं बनवायची असेल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड 1954 च्या सुमारास जुळणी थांबवून गेले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात गाड्या काढल्या, पण त्या कुटुंबाच्या. स्पोर्ट्स गाडी आली ती बहुतेक संस्थानिक, वकिलातीतले अधिकारी किंवा परदेशी कंपन्यांचे साहेब यांच्यासोबत. साहेबाची बदली झाली की गाडी विकली जायची. आणि आपल्या हवेत त्या कडक टपाचा उपयोग तरी काय? तो थंडीसाठी केलेला. इथं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. म्हणून टप बंगल्याच्या मागं, आऊटहाऊसमध्ये पडून राहणं सोपं होतं. गाडी या गावाला, टप त्या गावाला. पुढं माळ्यावरची अडगळ काढताना भंगारवाल्यानं तो पत्र्याच्या भावानं नेला, तर त्याला दोष कसा द्यायचा? गाडीशिवाय तो टप ओळखू येतच नाही.

आपल्या मातीतली काढत्या टपाची गाडी म्हणाल तर ती जीप. महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मेळघाटाच्या रस्त्यांवर तिनं किती माणसं नेली असतील! तिच्यावर ताडपत्रीचा हूड, नाहीतर पत्र्याचा टप. आज जुन्या जीपा दिसतात, पण त्यांच्यावरचा पहिला टप किती जीपांवर आहे, हे तुम्हीच गावात जाऊन पाहा.

असा एखादा टप सापडला, तर तो परत कसा उभा करायचा? हे कामाचं ज्ञान आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, हात लावण्याआधी फोटो काढा. प्रत्येक स्क्रू कुठला, रबर कुठून कुठं गेलं, आतलं कापड कसं ताणलं होतं. जुन्या कापडाचा आणि जुन्या रंगाचा हातभर तुकडा तरी जपून ठेवा. ती टपाची जन्मपत्रिका आहे.

दुसरी, गंज दिसतो तिथं नसतो. तो मागच्या काचेच्या रबराखाली असतो, पन्हाळीत असतो, खालच्या कोपऱ्यांत असतो. आतलं अस्तर ओल धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. सडलेला पत्रा कापून नवा जोडताना वेल्डरला घाई करू देऊ नका. थोडं थोडं, जागा बदलत टाके मारायचे. एका दमात वेल्डिंग केलं की पत्रा तापून वाकतो आणि वाकलेला टप गाडीवर बसत नाही. ॲल्युमिनियमचा टप असेल तर लोखंडी स्क्रू त्याला थेट टेकू द्यायचा नाही. दोन धातू आणि मधे ओल, एवढं झालं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

फायबरग्लासचं तंत्र वेगळं. तडा गेला असेल तर तो घासून मोकळा करायचा, मग काचतंतूंची चटई आणि रेझिन. इथं वऱ्हाडात एक काळजी जास्तीची. दुपारच्या उन्हात रेझिन ब्रश फिरवेपर्यंत घट्ट होतं. हार्डनर बेतानं घ्यायचा आणि काम सकाळी उरकायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. रंगाच्या आधी टप गाडीवर बसवून पाहायचा, तोही नवं रबर लावून. रबराची जाडी दोन मिलिमीटरनं बदलली तरी काच वर चढत नाही किंवा दार लागत नाही. दारं लावा, काचा वर करा, समोरच्या काचेच्या चौकटीशी फट सगळीकडं सारखी आहे का ते पाहा. पुन्हा उतरवा, पुन्हा चढवा. हे टप त्या काळी कारखान्यातही हातानं जुळवले जायचे. म्हणून एका गाडीचा टप त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर सरळ बसेलच असं नाही. सांगाडा जुळला, मगच लांबी, प्रायमर आणि रंग. लांबी भरून आकार आणायचा नसतो, आकार पत्र्यातच आणायचा असतो.

मग अस्तर. ते मधून कडेकडं ताणत जायचं. मागची काच बसवायची युक्ती जुन्या काचवाल्यांना माहीत आहे. रबराच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून दाबून धरायची आणि आतून सुतळी हळूहळू ओढायची. रबराची ओठाळी आपोआप आत येते. काच ॲक्रिलिकची असेल तर तिला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, बारीक तडे जातात.

आणि शेवटी, टप भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. एका कोपऱ्यावर भार आला की तो पिळतो. दोघांनी उचलायचा आणि मऊ पट्ट्यांनी टांगायचा किंवा घोडीवर ठेवायचा. आपल्या आजोबांनी दमणीचा टप आढ्याला टांगला, त्यात शहाणपण होतं.

आता एक वादाचा मुद्दा. इतकं सगळं नवं केल्यावर तो जुना टप उरला का? केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. 50 वर्षांहून जुनी, खासगी वापराची गाडी, नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. त्यात अट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत फेरफार झालेला नको. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाची तुरिनची सनदही तेच सांगते. शक्य तेवढं जपा, लागेल तेवढंच बदला, आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा.

माझं मत सांगतो. नवीन रबर लावणं म्हणजे फेरफार नाही. रबर झिजायसाठीच असतं. दमणीच्या तट्ट्या आपण दर काही वर्षांनी बदलतच होतो. पण कमानीचा बाक बदलला, तर ती दुसरी दमणी. टपाचंही तेच. त्याचा बाक, त्याच्या कडा, गाडीशी असलेली त्याची जुळणी, हा त्याचा जीव. तो राखून बाकीचं बदललंत तर जीर्णोद्धार. तो गमावून चकचकीत रंग दिलात तर नुसतं नवं खेळणं.

हे काम करणारे हात आपल्याकडंच आहेत. पत्रा ठोकणारा डेंटर, कुशनचं काम करणारा कारागीर, काच बसवणारा. दमणीसाठी जसे सुतार, लोहार आणि बुरूड लागत, तसेच हे. बुरुडाकडं टप करायला जाणारं गिऱ्हाईक संपलं आणि टप वाकवण्याची कला त्याच्यासोबत गेली. कोणी ती लिहून ठेवली नाही. कुशनवाल्याच्या बाबतीत पुन्हा तेच होऊ द्यायचं का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून एक विनंती करून थांबतो. घरी गेल्यावर माळा पाहा, गोठा पाहा. जीपचा जुना टप असेल, रेंगीची कमान असेल, कशाची आहे हे न कळणारी एखादी वाकडी चौकट असेल. भंगारात देण्याआधी तिचं माप घ्या, फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "हे कशावर बसायचं?" त्यांचं उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा.