पुण्याचा कारागीर, आजीचं गोंदण आणि भाच्याचं कोटेशन

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात पंचविशीतला मुलगा असेल आणि तो हल्ली आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक कोटेशन पाठवलं. त्याचं वय २६, कपाळ वर सरकायला लागलंय आणि घरात स्थळं बघणं सुरू आहे. कोटेशनमध्ये होतं: एका दिवसात ४,५०० ग्राफ्ट, सोबत एसएमपी फ्री, रिझल्टची आयुष्यभराची गॅरंटी. खाली त्याचा प्रश्न, 'मामा, करू का?'

मी डॉक्टर नाही. मला जुन्या गोष्टी वाचायची खोड आहे, एवढंच. हेअर ट्रान्सप्लांट ऐकून माहीत होतं. एसएमपी म्हणजे स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन, हे शोधावं लागलं. टाळूच्या कातडीत बारीक सुईने शाईचे हजारो ठिपके द्यायचे, म्हणजे लांबून बारीक कापलेले केस असल्यासारखं वाटतं. थोडक्यात, डोक्यावरचं गोंदण. ही दोन्ही कामं एकत्र कशी आली, हे बघत बसलो आणि सुरुवात निघाली थेट आपल्या पुण्याजवळ.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या लढाईत पकडला गेला होता. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं होतं. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा साचा करून तो कपाळावर ठेवला, त्या मापाची कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधे ती जोडलेलीच ठेवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. सांधा धरून राहावा म्हणून काथात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. हो, आपला पानातला काथ. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं होतं. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी या पद्धतीचा अभ्यास केला, १८१४ मध्ये स्वतः तसं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. युरोपातल्या आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पान आवर्जून येतं.

त्या कारागिराचं नाव पत्रात नाही. याबद्दल वाईट वाटतंच. पण आज मला दुसरा मुद्दा सांगायचाय. कावसजीला नाक मिळालं, त्याचं मोल त्याच्याच कपाळाने दिलं. तिथली कातडी गेली, तिथे व्रण राहिला. शरीरावरचं काहीही एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं, तर पहिली जागा रिकामी होते. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

केसांच्या बाबतीत हेच काम पहिल्यांदा नीट केलं ते जपानमध्ये. १९३९ मध्ये डॉ. शोजी ओकुदा यांनी गोल पात्याने केसांसकट कातडीचे छोटे तुकडे काढून, केस गेलेल्या जागी लावल्याचे निबंध लिहिले. टक्कल पडलेल्या हौशी लोकांसाठी हे नव्हतं. भाजल्यामुळे किंवा जखमेमुळे केस गेलेल्यांसाठी होतं. पाठोपाठ १९४३ मध्ये हाजिमे तामुरा यांनी तर एकेका केसाचे बारीक कलम लावले. निबंध जपानीत, त्यात महायुद्ध. पाश्चात्त्य जगाला कित्येक वर्षं याचा पत्ताच लागला नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषांच्या टकलावर हाच प्रयोग केला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी पण मोठी होती. केस कुठे लावलाय यापेक्षा कुठून आणलाय हे महत्त्वाचं. मानेवरचे, कानामागचे केस सहसा गळत नाहीत. ते पुढे आणून लावले, तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. आपल्याकडे कलमी आंब्याला जो नियम, तोच.

पण त्यांचे तुकडे चांगले चार-चार मिलिमीटरचे होते. एकेका तुकड्यात पंधरा-वीस केस, मधे मोकळी कातडी. बाहुलीच्या डोक्यात झुपके खोचल्यासारखं दिसायचं. एक-दोन पिढ्यांतल्या पुरुषांनी पैसे देऊन हे झुपके घेतले आणि मग ते लपवायला टोप्या घेतल्या.

पुढे कलम बारीक होत गेलं. केस एकेकटे न उगवता एक ते चारच्या गुच्छात उगवतात. टेक्सासचे डॉ. बॉबी लिमर हे गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करू लागले आणि १९९४ मध्ये त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. आज ज्याला ग्राफ्ट म्हणतात तो हा गुच्छ. लावलेले केस आता खरे वाटू लागले. फक्त हे गुच्छ मिळवायला डोक्यामागून कातडीची एक लांब पट्टी कापावी लागायची आणि तिथे कानापासून कानापर्यंत रेघ राहायची. २००२ मध्ये डॉ. रासमन, डॉ. बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी पट्टी न कापता एकेक गुच्छ टोचून काढायची पद्धत प्रसिद्ध केली. तिला एफयूई म्हणतात. यात रेघ नाही, पण प्रत्येक गुच्छामागे पांढुरका ठिपका राहतो. हजारो गुच्छ काढले की हजारो ठिपके. कावसजीचं कपाळ आठवलं ना?

आणि इथे गोंदण मागच्या दाराने आत आलं. २००१ मध्ये डॉ. ट्राकिना यांनी 'डर्मॅटॉलॉजिक सर्जरी' या नियतकालिकात, डोक्यावरच्या शस्त्रक्रियेला मायक्रोपिगमेंटेशनची जोड देण्याबद्दल लिहिलं. म्हणजे शाईचं पहिलं काम केस दाखवणं नव्हतंच. सर्जरीच्या खुणा झाकणं हे होतं. जुन्या झुपक्यांमधली पांढरी कातडी, मागची रेघ, हे शाईने बुजवायचं. पुढे लक्षात आलं की विरळ केसांमधून चमकणारी टाळू जरा गडद केली तर केस दाट भासतात. २०१७ मध्ये एफयूई आणि मायक्रोपिगमेंटेशन एकत्र वापरण्यावर निबंध आला, तोही डॉ. रासमन आणि सहकाऱ्यांचाच. कलमाचा रस्ता दाखवणारा माणूसच सांगत होता की काही डोक्यांवर नुसतं कलम पुरत नाही.

का पुरत नाही? कागद-पेन्सिल घ्या.

टक्कल बरंच पुढे गेलं असेल तर रिकामी जागा साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरा. नैसर्गिक डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सत्तर-ऐंशीच्या आसपास गुच्छ असतात. तेवढे लागत नाहीत, निम्मे असले तरी बघणाऱ्याला बरं वाटतं. म्हणून ३५ धरू. २०० गुणिले ३५, झाले ७,०००. आता मागच्या बाजूची शिल्लक. मागचं डोकं उघडं न पडता आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार गुच्छ काढता येतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. खर्च सात हजार, खात्यात पाच-सहा हजार. आणि या खात्यात नवीन पैसे कधीच जमा होत नाहीत.

ही तूट भरायला शाई. पुढच्या ८० चौरस सेंटिमीटरला २,८०० गुच्छ लावायचे, कारण समोरचा माणूस तेच बघतो. मागच्या भोवऱ्यावर कमी केस आणि खाली शाईची सावली. उरलेले गुच्छ पुढच्या वीस वर्षांसाठी राखून ठेवायचे. डोकं ओळखून, माप घेऊन केलं तर ही जोडी खरंच कामाची आहे. जुनी रेघ घेऊन फिरणाऱ्यांना, भाजल्याच्या व्रणांना तिने दिलासा दिलाय. ज्या बायकांचे केस सगळीकडूनच विरळ होतात, त्यांच्यात मागचा भागही भरवशाचा नसतो. तिथे अनेकदा कलमापेक्षा शाईच बरी ठरते. त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही.

पण शाईचा स्वभाव आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. जत्रेत गोंदणारीने दिलेले, तेव्हा काळेभोर असणार. मी बघितले ते हिरवट-निळे आणि थोडे पसरलेले. काळी शाई कातडीत खोल गेली की वरून निळसर दिसते. एसएमपीवाले म्हणून वरच्या थरातच, हलका ठिपका देतात, दोन-तीन बैठकांत. त्यामुळे तो निळा कमी पडतो, पण काही वर्षांत फिकाही होतो आणि पुन्हा भरावा लागतो. सुई खोल गेली, हात अडाणी असला, की आजीची हनुवटी डोक्यावर येते. तेव्हा 'आयुष्यभराची गॅरंटी' कशाची?

आणि वयाचं काय? २६ व्या वर्षी टक्कल थांबलेलं नसतं. लावलेले केस राहतील, पण त्यांच्या मागचे स्वतःचे केस गळत जातील. पंचेचाळिशीत पुढे एक झालर, मधे मैदान. शाईने आखलेली विशीतली कपाळाची रेघ तिथेच राहील, चेहरा मात्र पुढे गेलेला असेल. केस पांढरे होतील, ठिपके काळेच. म्हणून जाणकार डॉक्टर तरुण मुलांना आधी औषधं देऊन थांबायला सांगतात. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा निकाल कळायला वर्ष जातं. ठिपके कुठे हवेत हे त्यानंतरच नीट कळतं. मग ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच ते 'फ्री' कसे बसतात?

आता सार्वजनिक प्रश्न. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. २०२१ मध्ये दिल्लीत एक तरुण गेला, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. केसांसाठी माणसं गेली. हे ऑपरेशन डोकं बधिर करून होतं. बधिर करण्याच्या औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते आणि एका दिवसात जितके जास्त ग्राफ्ट, तितकं औषध जास्त, तितके तास जास्त. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम प्लॅस्टिक सर्जन किंवा या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञांचं आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघितलं म्हणजे प्रशिक्षण झालं असं नाही, हे आयोगाला लेखी सांगावं लागलं! यावरून बाजारात काय चाललं असेल ते ओळखा.

शाईच्या बाजूला तर तेवढंही नाही. गोंदणाऱ्याला डॉक्टरसारखी कुठल्या परिषदेची नोंदणी लागत नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. आपल्याकडे बाटलीत काय आहे हे विचारणाराच विरळा. नेत्यांच्या फलकांवरून भांडणारे आपण, गल्लीतल्या क्लिनिकच्या फलकावर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, एवढं तरी बघायला हवं.

भाच्याला मी नाही म्हटलं नाही. त्याचं डोकं, त्याचा पैसा. टकलावरून लग्न मोडणारा समाज आपणच केलाय, त्यामुळे त्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही. मी फक्त पाच प्रश्न लिहून दिले. ऑपरेशन कोण करणार आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय? माझ्या मागच्या भागात एकूण किती गुच्छ आहेत, ते मोजले का? आज ४,५०० काढले तर चाळिशीत किती उरतील? तब्येत बिघडली तर तिथे कोणती सोय आहे? ठिपके कोण देणार, कधी आणि कुठल्या शाईने?

त्याने क्लिनिकला हे सगळं पाठवलं. उत्तर आलं ते असं: 'सर, डॉक्टर प्रोसिजरच्या दिवशी भेटतील. आज बुक केलंत तर दहा टक्के डिस्काउंट.'

पोरगं हुशार आहे. त्याने तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, आधी एखाद्या स्किनच्या डॉक्टरला दाखवून येतो. तू येशील का बरोबर?'

शनिवारची वेळ घेतलीय. तुमच्या घरात कुणाच्या हातात असं कोटेशन असेल, तर हे पाच प्रश्न त्याला जरूर पाठवा.