१८२ गुणिले ५३

गाडीच्या डॅशबोर्डातलं भोक हा काय लेखाचा विषय झाला का, असं घरच्यांनी आधीच विचारून झालंय. झाला, असं माझं मत आहे. या भोकाला जेमतेम शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललाय.

डॅशबोर्ड ही मुळात घोडागाडीच्या पुढची फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून लावलेली. मोटार आली, घोडा गेला, फळी मात्र राहिली आणि तिच्यावर मीटर बसले. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटारीसाठी 'मोटोरोला' नावाचा रेडिओ बाजारात आणला. व्हॉल्व्हचा जमाना, त्यामुळे धूड मोठं. ते कुठेतरी खाली दडवायचं आणि बटणं तेवढी चालकाच्या हाताशी आणायची. पुढे रेडिओ डॅशबोर्डातच शिरला, आणि १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आणल्यावर तो लहान होत गेला. दोन बाजूंना दोन गोल भोकं, मधे आयताकृती खिडकी, असा त्याचा चेहरा होता. पण मापं ज्याची त्याची वेगळी. एका गाडीचा रेडिओ दुसरीत बसवायचा तर काहीतरी कापणं आलंच.

आमच्या जुन्या फिअॅटचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. पत्रा तसा समजूतदार. वाकला तर ठोकून सरळ करता येतो. प्लास्टिकचं तसं नाही. १९५४ पासून बाजारात आलेलं एबीएस (ब्रेकचं नव्हे, प्लास्टिकचं!) साधारण १०५ अंशांना मऊ पडायला लागतं. ड्रिल जोरात फिरवलं तर भोक कापलं जात नाही, वितळतं, आणि कडेला गुठळ्यांची झालर राहते. दाबून फिरवलं तर ड्रिलचं टोक पलीकडे निघताना तुकडाच उडवून नेतं.

आमच्या भागात गाडीचे टेप बसवणारा एक कारागीर होता. त्याचं काम मी तासन् तास बघितलंय. आधी मास्किंग टेप चिकटवायची आणि आखणी तिच्यावर करायची, म्हणजे ओरखडा उठत नाही. मागे लाकडाचा ठोकळा. ड्रिलची धार दगडावर जराशी मारून बोथट करायची, म्हणजे ती प्लास्टिकात घुसत नाही, खरवडत जाते. मग रेषेच्या आत, चारही कोपऱ्यांत चार बारीक गोल भोकं. एका भोकातून करवतीचं पातं घालून पुढच्या भोकापर्यंत कापत जायचं. शेवटचा मिलिमीटर कायम कानशीने.

ती कोपऱ्यांतली भोकं पातं आत घालायला असतात, असं मला वाटायचं. कारण अर्धंच बरोबर. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये जहाजबांधणीच्या अभियंत्यांपुढे गणिताने दाखवलं होतं, की भोकाचा कोपरा जितका टोकदार तितका तिथे ताण साचतो. धडा महागात शिकावा लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या लिबर्टी जहाजांपैकी कित्येकांना तडे गेले, काहींचे तर दोन तुकडे झाले. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद हे एक कारण, आणि मालाच्या खणांच्या तोंडांचे चौकोनी कोपरे हे दुसरं. डॅशबोर्डही रोज उन्हात तापतो, रात्री निवतो, खड्ड्यांत हादरतो. काटकोनात कापलेला कोपरा आधी तडकणार. गोल कोपऱ्यावर ताण विखुरतो.

या सगळ्या कापाकापीवर तोडगा निघाला तो कागदावर. जर्मनीच्या डिन या मानक संस्थेने टेपच्या भोकाचं माप ठरवलं, आणि १९८४ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. टेपचा चेहरा १८० गुणिले ५० मिलिमीटर, भोक १८२ गुणिले ५३. (खोली किती, हे मात्र ठरवलं नाही! मागे वायरी कोंबताना कारागीर कुणाला शिव्या देत होता ते आता कळतं.) कुठल्याही कंपनीची गाडी, कुठल्याही कंपनीचा टेप. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला, भोक तेच. दोन अनोळखी कंपन्यांनी तुमच्यासाठी केलेला करारच होता तो. गाडी त्यांनी बनवली, पण ही एवढी जागा तुमची.

आता ती जागा पडद्याने घेतली. त्याला चांगली कारणंही आहेत. मागे खेळणारी मुलं दिसत नाहीत म्हणून अमेरिकेने १ मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला, आणि कॅमेऱ्याला पडदा लागतोच. डॅशबोर्डात एअरबॅग असते, तिथे कुणी करवत चालवूही नये. हे सगळं मान्य. पण प्रत्येक गाडीच्या पडद्याचा आकार वेगळा. आमच्या एका नातेवाइकांचा पडदा वॉरंटी संपल्यावर बंद पडला. त्यातच एसी, त्यातच कॅमेरा. नवा पडदा त्याच कंपनीकडून, तिच्याच भावात. दुसरा बसवावा तर मापच कुणाचं जुळत नाही. म्हणजे आपण पुन्हा १९८४ च्या आधी जाऊन पोचलो. फरक एवढाच, की तेव्हा निदान कापता येत होतं.

कुणाकडे जुनी गाडी अजून असेल आणि टेप काढलेला असेल, तर त्या चौकटीला एकदा पट्टी लावून बघा. १८२ आणि ५३ भरेल. आणि कोपरे कुणी हाताने कापलेले असतील, तर ते गोल आहेत का तेही बघा.