भरकटलेले लघुग्रह आणि एका इंजिनिअरचं पत्रक

लघुग्रहांनाही कुटुंबं असतात, हे 1918 मध्ये जपानच्या कियोत्सुगु हिरायामांनी दाखवलं. काही लघुग्रहांच्या कक्षा इतक्या सारख्या होत्या, की तो योगायोग वाटेना. एखादा मोठा खडक फुटला असणार आणि हे त्याचे तुकडे, असा त्यांचा तर्क. कोरोनिस, इऑस, थेमिस ही त्यातली पहिली नावं.

पण तुकडे जागेवर राहत नाहीत. मग लांब गेलेल्याचं मूळ घर कसं शोधायचं?

गंमत म्हणजे, याची किल्ली आधीच सापडली होती. रशियातले सिव्हिल इंजिनिअर इव्हान यार्कोव्हस्की यांनी 1900च्या सुमारास एका पत्रकात मांडलेली ही कल्पना. आजच्या भाषेत सांगायचं, तर फिरणारा खडक उन्हात तापतो, ती उष्णता जरा उशिरा बाहेर टाकतो आणि त्याला बारीकसा धक्का बसतो. पत्रक विस्मरणात गेलं. एस्टोनियाचे अर्न्स्ट ओपिक यांनी ते 1909च्या आसपास वाचलं होतं. 1951 मध्ये त्यांनी ते केवळ आठवणीतून पुन्हा मांडलं!

पुरावा 2003 मध्ये रडारने दिला. गोलेव्का हा अर्ध्या किलोमीटरचा लघुग्रह 12 वर्षांत अपेक्षित जागेपासून 15 किलोमीटर सरकला होता.

छोटे तुकडे जास्त सरकतात, मोठे कमी. म्हणून आकार आणि सूर्यापासूनचं अंतर यांचा आलेख काढला, की ‘व्ही’ अक्षर उमटतं. त्याचं टोक मूळ घर दाखवतं, पसारा कुटुंबाचं वय. एका वाचकाने लक्षात ठेवलं, म्हणून हा धागा तुटला नाही.