मोल्ड कूलिंगचं सिम्युलेशन: इनलेटला कोणता आकडा भरायचा?

तुमच्या मोबाइलचं प्लास्टिकचं कव्हर ज्या साच्यात तयार होतं, तो मोल्ड. वितळलेलं प्लास्टिक आत शिरायला एखाद-दोन सेकंद पुरतात. खरा वेळ जातो ते थंड होण्यात, बहुतेकदा सायकलचा निम्म्याहून जास्त. म्हणून मोल्डच्या स्टीलमध्ये आरपार भोकं पाडून पाणी फिरवतात. ते पाणी पुरेल का, हे आधी सिम्युलेशनमध्ये बघतात.

मॉडेल आणि मेश बहुतेक जण नीट करतात. गडबड होते इनलेटला.

पाणी संथ, थराथरांत वाहिलं तर भिंतीलगतचा गरम थर मधल्या थंड पाण्यात मिसळतच नाही. घुसळत वाहिलं की उष्णता पटापट उचलतं. हे मोजायला रेनॉल्ड्स नंबर वापरतात: साधारण २,३०० च्या खाली संथ, ४,००० च्या वर घुसळण. मोल्डवाले सहसा १०,००० धरून चालतात. ८ मिमीच्या चॅनेलमध्ये २५ अंशांचं पाणी असेल, तर त्यासाठी मिनिटाला सुमारे ३.४ लिटर लागतं.

मी सुरुवातीला चारही सर्किटना सरळ १०,००० भरून मोकळा झालो. म्हणजे एकूण साडेतेरा लिटर. चिलरकडून प्रत्यक्षात येत होतं आठ! त्यातही सगळ्यात लांब सर्किटला जेमतेम एक लिटर, म्हणजे रेनॉल्ड्स ३,००० च्या खाली. कव्हर नेमकं त्याच कोपऱ्यात वाकत होतं. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळं निळंशार.

त्यामुळे आता मी मॅनिफोल्ड आणि होजसुद्धा मॉडेलमध्ये घेतो. इनलेटला चिलर खरंच देईल तेवढा एकूण फ्लो, आउटलेटला शून्य गेज प्रेशर. कोणत्या सर्किटला किती पाणी जातं, ते सॉल्व्हरलाच ठरवू द्यायचं. मोल्ड आधीच तयार असेल तर बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक सर्किट मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे.

टर्ब्युलन्ससाठी मी के-ओमेगा एसएसटी मॉडेल वापरतो, भिंतीजवळ मेशचे बारीक थर देऊन. रन झाल्यावर आधी आत-बाहेरच्या पाण्याच्या तापमानातला फरक बघा. २-३ अंशांपेक्षा जास्त असेल तर फ्लो कमी पडतोय.

आणि चिलरमध्ये ग्लायकॉल आहे का, हे नक्की विचारा. निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर द्रव इतका घट्ट होतो की त्याच ३.४ लिटरला रेनॉल्ड्स पुन्हा ३,००० च्या खाली येतो.